गवंडी इथं राहत नाही

गल्लीत गणवेशातलं कुणी शिरलं की काय करायचं, हे इथं शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नसे. रेडिओ मोठे करायचे, डबे-पराती बडवायच्या, म्हणजे पळणाऱ्याच्या पावलांचा आवाज दबतो. विचारलं तर उत्तर एकच, इथं असं कुणी राहत नाही. इस्त्रीवालीनं स्वतः दुसऱ्यांसाठी कितीदा तरी परात बडवली होती, तीही जीव तोडून.

तिचा नवरा गवंडी. कुठं घरफोडी झाली की पोलिसांना आधी हाच आठवायचा; नाव एकदा चिकटलं की चिकटलं. मागच्या वेळी कोठडीतून आला तो बरगड्या मोडून आणि छाती भरून. जन्मभर भिंती उभ्या केलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा जिना चढवेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, ओठ निळे पडले तर वाट बघू नका, दवाखान्याची गाडी बोलवा.

त्या दुपारी ओठ निळे पडले. तिनं फोन करून नाव-पत्ता सांगितला आणि माडीवर त्याला छातीशी धरून बसली. आडवं केलं की त्याचा श्वास अडायचा.

"येतायत हं. आलेच."

"कोण, पोलीस?"

"अहो, दवाखान्याची माणसं. पोलिसांना मी बोलावीन? डोकं फिरलंय का माझं?"

तो हसला. त्या हसण्यानंही त्याला धाप लागली.

गाडी बोळात मावेना. ती हमरस्त्यावर ठेवून दोघं जण निळ्या गणवेशात, हातात पेटी घेऊन चालत आले. तिला खिडकीतून दिसले. समोरच्या दुकानात शिंपीकाकांना त्यांनी गवंड्याचं नाव घेऊन पत्ता विचारला मात्र, साऱ्या गल्लीत एकच कल्लोळ उठला. रेडिओ, डबे, पराती. "इकडे! वर या!" ती घसा फोडून ओरडली, पण तिचं तिलाच ऐकू आलं नाही. उठायला जावं तर तो कलंडायचा. काकांनी मान हलवली, हात हलवले, आणि ती माणसं परत फिरली.

गोंगाट थांबल्यावर तिनं पुन्हा फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "ताई, आमचे लोक येऊन गेले. त्या पत्त्यावर तो माणूस राहतच नाही म्हणे. पुन्हा पाठवते, पण वेळ लागेल."

तेवढा वेळ गवंड्याकडे नव्हता. तिच्या हातातच त्याचा श्वास थांबला. तिला रडू फुटेना, नुसता संताप आला, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना.

शिंपीकाका धापा टाकत, खुशीत वर आले. "पोरी, निर्धास्त राहा. म्हटलं, तो केव्हाच घर सोडून गेला. पुन्हा फिरकायचे नाहीत ते!"

गप्प बसावं असं तिला वाटलं. पण गल्लीत खोकणारी आणखी माणसं होती, उद्या त्यांच्यासाठीही ही गाडी येणार होती.

"काका, हे गेले. त्या लोकांना मीच बोलावलं होतं. दवाखान्याचे होते ते."

काका खाली बसले. बराच वेळ गवंड्याचे पाय चेपत राहिले.

"पण त्यांनी नाव विचारलं गं," ते म्हणाले. "आपलं नाव विचारत इथं दुसरं कोण येतं?"