दुसरी बादली

शुक्रवारी सकाळी धामणगाव बढ्याचे एलोजी थळकर चहा पिता पिता गेले आणि त्यांची धाकटी बहीण सिपोरा घड्याळाकडे पाहू लागली. रडायला सवड नव्हती. दिवेलागणीला शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, सुरू होणार, मग शनिवारभर माती देता येत नाही. आणि मे महिन्यात वऱ्हाडातलं मढं तेवढं थांबत नाही.

मातीआधी आंघोळ. बेने इस्राएलांमध्ये मयताला शेवटची आंघोळ घालतात ती एका अखंड धारेची. एक बादली संपायच्या आत दुसरी सुरू व्हायला हवी. धार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. एकट्याचं ते काम नाही.

एके काळी माणसांना तोटा नव्हता. मोजणी खात्यात नोकरीला कोकणातून आलेली ही मंडळी इथेच रुजली, कडुनिंबाखाली त्यांनी छोटंसं प्रार्थनालय बांधलं. प्लेगात लोक घरची मढी टाकून रानात पळाले, तेव्हा या घरांनी ती धुतली, खांद्यावर वाहिली. जात विचारली नाही. ज्याला जाळायचं त्याला जाळलं, ज्याला पुरायचं त्याला पुरलं. तेव्हापासून बेवारस मयत सापडलं की निरोप आधी प्रार्थनालयात यायचा. पुढे कोणी इस्राएलला गेलं, कोणी मातीत गेलं, आणि उरली ही दोन भावंडं. बाईला बाईने, पुरुषाला पुरुषाने हा नियम सोडून, बाई असो, पुरुष असो, दोघंच ओतायची. "देव समजून घीन," एलोजी म्हणायचे.

सिपोराने अकोल्याला फोन केला. तिथे उरलेले म्हातारे निघायला तयार होते, पण अंधाराआधी पोचणार नव्हते. मग तिने माजी सरपंच गुलाबरावांना बोलावलं. ते लगेच आले. कबरीसाठी गावातल्या भागवतचा जेसीबी लावला, खांदेकरी ठरवले. माणूस कामाचा होता.

"आंघोयीले एक जण पाह्यजे," सिपोरा म्हणाली. "फक्त पानी ओतायचं."

गुलाबराव चपलेच्या अंगठ्याशी चाळा करू लागले. "मावशी, एलोजीभाऊ देवमानूस व्हते. पन ते आमच्यानं नाही होत. पोरीचं लगन आहे पंधरवड्यात. लोकं नावं ठेवतात."

"कोरोनात तुही माय गेली. साध्या छातीच्या दुखन्यानं गेली, तरी तुह्या घरच्या बाया भेल्या. तिले आंघोय कोनं घातली, गुलाबराव?"

"तुमी घातली. म्या इसरलो नाही."

विसरले नव्हते हे खरंच. दुपारी चारच्या आत बसस्टँडवर एलोजींचा हसरा फोटो असलेला मोठा फ्लेक्स लागला : 'गावाचे भूषण हरपले'. खाली गुलाबरावांसकट पंचवीसेक नावं. फ्लेक्सला पंचवीस माणसं आणि बादलीला एक नाही!  शंभर वर्षं गावाची मढी धुतली त्याचं फळ हे, की गावाने हात जोडले आणि तेच हात मागे घेतले.

ऊन कलायला लागलं. घरात दुसरी बादलीही नव्हती. एलोजींची तळाशी फुटलेली. बाजारातून नवी आणतो म्हणत होते.

इतक्यात मागच्या दाराने शेजारची पुष्पाबाई आली. हातात तिच्या न्हाणीघरातली निळी बादली होती. "सासू झोपली हाये. लवकर करा मावशी," ती म्हणाली. 

भावाला आंघोळीच्या फळीवर घेऊन सिपोराने आधी त्याला स्वच्छ पुसून काढलं. मग तिने धार धरली. तिची बादली तळाला आली तशी पुष्पाबाईने डोळे मिटून आपली कलती केली. धार तुटली नाही. सिपोरा तेव्हा कुठे रडली.

कफन चढलं, खांदेकऱ्यांनी तिरडी उचलली. अकोल्याच्या म्हाताऱ्यांनी फोनवरून प्रार्थना म्हटली. सूर्य टेकायच्या आत माती पडली.

सिपोरा परत आली तेव्हा पुष्पाबाई आपल्या अंगणातल्या नळाखाली डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या लुगड्याने उभी होती. सिपोराला दिवा लावायची घाई होती, तरी ती थांबली. दिवसभर दाबून ठेवलेलं तिने विचारून टाकलं.

"पुष्पे, माह्या वक्ताले येशीन?"

पुष्पाबाई पदर पिळत राहिली. "सासूनं पाह्यलं, मावशी. घरात घेते का नाही, मालूम नाही." मग खाली पाहतच म्हणाली, "बादली राहू द्या तुमच्याकडंच. आता आमच्या घरात नाही चालायची."

सिपोराने मान हलवली. रागावण्यासारखं त्या बाईने काहीच केलं नव्हतं. सगळ्या गावात एकटीच तर आली होती. सिपोरा घरात गेली, तेलाचा दिवा लावला, भावाच्या रिकाम्या खाटेसमोर शब्बाथची प्रार्थना एकटीने म्हटली.

रविवारी तिने निळी बादली राखेने लख्ख घासली आणि फळीखाली आपल्या बादलीशेजारी पालथी ठेवली. तिच्या वेळेला कोणी आलंच, तर बादल्या तरी शोधाव्या लागू नयेत.