डावीकडे ओढणारी गाडी

आजारपणातून वहिनी उठली ती डावा हात थोडा मागे ठेवूनच. पुन्हा गाडी चालवायला बसली, तर गाडी सारखी डावीकडे ओढायची. एकदा चाक फुटपाथवर चढलं आणि नवरा म्हणाला, "पुरे आता. जिवापेक्षा का गाडी मोठी?" तिनंही मान हलवली. डावं अंगच आपलं ऐकत नाही, तिथं बिचाऱ्या गाडीला काय बोल लावायचा? जुनी गाडी विकायची ठरली.

विकण्याआधी बघून द्यावी म्हणून धाकटा दीर आला. हयात गॅरेजात गेलेला माणूस. एक फेरी मारून उतरला, पुढच्या डाव्या चाकाशी हात नेला आणि चटकन मागे घेतला.

"वहिनी, यावर चहा उकळेल! ब्रेक चाकाला सोडतच नाहीये."

"म्हणजे माझा हात नव्हता, भाऊजी?"

"ते आत्ताच कसं सांगू? आधी हे सुटू दे."

चाक काढून त्यानं कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, तारेनं टांगला. ब्रेक ऑइलची नळी तशीच जोडलेली. आतला पिस्टन गंजून रुतलेला. तेल झालं, ठोकून झालं, हूं की चूं नाही.

"बाहेरून बाबापुता करून झालं. आता आतूनच ढकलायला हवं," म्हणत त्यानं पिस्टनसमोर लाकडी ठोकळा धरला. "बसा आत, पेडल दाबा."

"मी?"

"मग शेजाऱ्यांना हाक मारू? उजवा पाय ठणठणीत आहे ना!"

ती बसली. काचेतून ऊन मांडीवर सांडलेलं. पेडल दगडासारखं. तिनं डोळे मिटले आणि तिला वाटलं, आपण गाडीत नाहीच. एका बारीक नळीतून अंधारात वाहत चाललोय आणि पुढं दार बंद आहे. अंथरुणात पडल्या पडल्या ती बोटांना म्हणायची, हला गं. शब्द निघायचा, पोचायचा मात्र नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा. आणि पायाखाली पेडल अलगद खचलं.

"आला!" दीर ओरडला. "झाला पूर्वरंग. या, उत्तररंगाला तुमची साथ हवी."

रबरी टोपण फाटून पाणी शिरलं होतं; पिस्टनभोवती गंजाचं कडं. त्यानं आतलं भोक पुसून लख्ख केलं, गॅरेजातून मागवलेला नवा पिस्टन काढला. सील, ती रबरी कडी, मात्र तिच्या पुढ्यात धरलं. "तुमची बोटं बारीक. डाव्या हातानं बसवा."

सील खाचेत सरकलं. तिनं बोट गोल फिरवलं. गार, गुळगुळीत, कुठं पीळ नाही. हे तिला डाव्या बोटानं कळलं होतं.

मग पिस्टन अंगठ्यांनी आत गेला, सगळं जागेवर बसलं. नळीतली हवा काढायला ती परत पेडलवर.

"दाबा."

"दाबलं."

"धरा... सोडा."

चाकाशी नळी बुडवलेल्या तेलाच्या बरणीत बुडबुडे चढत राहिले, एकेक करून, जणू कुणी पाण्याखाली गुणगुणतंय. मग थांबले.

मोकळ्या रस्त्यावर आधी दिरानं चालवली. स्टिअरिंग सोडलं, गाडी सुतासारखी सरळ. मग ती बसली, दीर शेजारी. सरळ, सरळ... आणि हळूच डावीकडे. तिनं उजव्या हातानं थोडं सावरलं. गाडी निमूट रेषेवर आली.

"एवढं माझं आहे," ती म्हणाली.

"हो, एवढं तुमचं."

"एवढं मी सांभाळते. तुमच्या दादांना सांगा, गिऱ्हाईकाला येऊ नका म्हणावं."

"मी सांगू? मला घरात घेतील का?"

ती हसली. घराकडचं वळण आलं आणि मागे गेलं. तिनं गाडी पुढेच नेली.