काळी पावती

बाबांना अख्खी गल्ली 'कडक' म्हणते. माणूस मेणाहून मऊ; कडक फक्त त्यांची इस्त्री. लोकांचे कपडे सरळ करता करता त्यांना घरातही सुरकुती बघवेनाशी झाली. जन्मदाखले, भाडेकरार, माझ्या गुणपत्रिका, सगळे कागद सुती फडक्याखाली घालून ते इस्त्री करतात आणि मगच ट्रंकेत ठेवतात. आजीचा मृत्युदाखलाही सुटला नाही. आई म्हणाली होती, "मेलेल्या माणसानेसुद्धा चुरगळायचं नाही या घरात."

नर्सिंगच्या प्रवेशाची पावती मी पर्समध्ये चार घड्या घालून आणली. बाबांनी ती हळूच काढली, इस्त्री फिरवली. कागद काळाकुट्ट. पावती दाखवली नाही तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती.

"फडकं घातलं होतं गं मधे," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

"आता ट्रंकेलाही एकदा फिरवा," आई म्हणाली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.

मशीनमधून निघणारा तो गुळगुळीत कागद गरम झाला की काळा पडतो. बाबांना हे कुणी सांगितलं होतं? मुलीच्या आयुष्याचा कागद, आणि छापायचा बसच्या तिकिटासारखा. देणाऱ्याला लाज नाही. मान खाली घालायची बाबांनी.

सकाळी कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने पावती दोन बोटांत धरली. "कोळसा आणलास की काय?"

चहा सांडला म्हणायचं, असं मी घरून ठरवून आले होते. पण बाबांनी मागून मान पुढे काढली. "साहेब, मी इस्त्री केली."

रांग खदखदून हसली. माझ्या हातातला शाळा सोडल्याचा दाखला मुठीत चुरगळला.

"हसता कशाला?" मी म्हणाले. "त्यांनी जपायला घेतली होती. तुम्ही जपता येईल असा कागद दिला होता का?"

कारकुनाने कोरा कागद सरकवला. "अर्ज लिही, दुसरी प्रत देतो. आणि बाहेर पडल्या पडल्या झेरॉक्स काढ. माझ्या घरच्या पावत्या नुसत्या पडून पडून कोऱ्या झाल्यात."

नवी पावती बाबांनी हातात घेतली नाही. घरापर्यंत हात पाठीमागे बांधून चालले. ट्रंकेची किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "आता कागद तूच बघ."

मी किल्ली तशीच राहू दिली आणि चुरगळलेला दाखला त्यांच्यापुढे धरला. "याला सुरकुत्या पडल्यात."

"हाही काळा पडला तर?"

"शाईने लिहिलाय, बाबा. आधीही तुम्हीच केला होता सरळ."

त्यांनी फडकं अंथरलं. इस्त्री तापवली, बंद केली, ओलं बोट टेकवलं. चर्र झालं.

"अजून गरम आहे," ते म्हणाले. "थांब जरा."

आम्ही थांबलो.