सोजराबाईचा पेरू

सुरी अर्ध्यातच थांबली. मारुतरावांनी दुसरा पेरू चिरला, मग तिसरा. तिन्ही आतून पांढरेफटक.

“कच्चं असत्याल, भावजी,” वडे तळता तळता भामाबाई म्हणाल्या. त्या मारुतरावांच्या चुलतभावाची बायको. मारुतरावांना ना मूल ना बाळ, त्यामुळे नवरा असताना गेलेल्या बायकांची ती अविधवा नवमी आली की स्वयंपाकाला त्याच यायच्या.

“पिकून पिवळं झाल्यात, वहिनी. वास बघा की.”

वास मात्र तोच होता. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमागे त्यांच्या बायकोने, सोजराबाईने लावलेल्या पेरूचा. तो आतून लालगुलाबी निघायचा. मारुतराव फाटकावरची ड्यूटी संपवून आले की ती पायरीवर बसून पेरू चिरायची, तिखटमीठ लावायची आणि मोठी फोड त्यांच्या हातावर ठेवायची. दर पावसाळ्यात एकच टुमणं, “यंदा तरी गुटी बांधा. गावाकडं निमोण्याला न्यायला झाड व्हईल.” फांदीची साल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळून बांधायचं, मुळं फुटली की कापून न्यायची. बांधायला अर्धा तास पुष्कळ. मारुतराव म्हणायचे, “रिटायर व्हायला लई येळ हाय.”

रिटायर व्हायच्या आधीच ती गेली. क्वार्टर सोडलं ते ऐन उन्हाळ्यात. तेव्हा गुटी धरत नाही. मग झाडावरच्या शेवटच्या पेरूचं बी त्यांनी रुमालात बांधून आणलं. पुढच्या वर्षी ती क्वार्टरं पाडली, झाडही गेलं.

निमोण्यात तीन रोपं जगली. चार वर्षं मारुतरावांनी ती पोटच्या पोरांसारखी राखली. दर नवमीला ताटात बाजारचा पेरू ठेवताना म्हणायचे, “थांब थोडं, तुझाच ठिवतो.” यंदा एका झाडाला फळं धरली, तर साऱ्या गावाला सांगून मोकळे झाले होते.

रस्त्याने कृषी सहायक साधनाताई स्कूटीवरून चालल्या होत्या. मारुतरावांनी फाटकावरच्या सवयीने दोन्ही हात आडवे करून त्यांना थांबवलं.

“ताई, ह्यो पांढरा कसा? मातीचा दोष म्हनावा का?”

“मातीचा नाही, आबा. टोमॅटोला लाल करतं ना लायकोपीन, तेच पेरूला गुलाबी करतं. झाडात रंगाचे दोन वाटे असतात, एक आईचा, एक बापाचा. तुमच्या झाडात एक गुलाबी होता, एक पांढरा. दोन्ही असले की गुलाबीच दिसतो. ह्या बियात दोन्हीकडून पांढरा आला.”

“म्हंजी पांढरा तवाबी त्याच्यात व्हता?”

“होता. दिसत नव्हता, एवढंच.”

“आन् गुटी बांधली असती तर?”

साधनाताई जरा घुटमळल्या. “गुटी म्हणजे तेच झाड, आबा. गुलाबीच निघाला असता. पण उरलेल्या दोन झाडांना गुलाबी येतील बघा, आशा आहे.”

मारुतरावांनी मान हलवली, पण त्यांनी ऐकलं ते गुटीपुरतंच. तीस वर्षांत त्यांनी एकदाही फाटक पाडायला उशीर केला नव्हता. बायकोचं अर्ध्या तासाचं काम तेवढं राहून गेलं होतं.

बारा वाजता ताट पत्र्यावर ठेवलं. कावळा येईना. भामाबाई हळूच म्हणाल्या, “काय तरी राहिलंया तिच्या मनात. बोला, भावजी.”

मारुतरावांनी हात जोडले. “गुटी न्हाई बांधली. चुकलं माझं. पांढरा हाय, पन तुझ्याच झाडाचा हाय. गोड मानून घे.”

कावळा आला, वडा उचलून गेला. पेरूला त्याने चोच लावली नाही.

भामाबाई घरी गेल्यावर मारुतराव एक पेरू घेऊन पायरीवर बसले. चिरला, तिखटमीठ लावलं. सुरी तिरकी गेल्याने एक फोड मोठी झाली. लहान त्यांनी खाल्ली. मोठी शेजारी पायरीवर ठेवली.