नाक्यावरची चाळिशी

चामटोलीच्या हरिचंद्र भोईराची नजर एवढी लांब पोचायची, की डोंगरावर बसलेल्या घारीने डोळा मिचकावला तर तो अंगणातून सांगायचा, ‘उजवा मिचकावला.’ खोटं वाटेल त्याने घारीला विचारावं. पण सत्त्याऐंशी सालच्या थंडीत त्या नजरेला भलतंच झालं. लांबची घार होती तशीच राहिली, जवळचं जग मात्र ताकात पडल्यासारखं पांढुरकं झालं. ताटातला बोंबील समजून त्याने अख्खी मिरची चावली, आणि शेजारच्या भजनात तो इतका रडला की बुवांनी त्याला पहिला नारळ दिला.

“चाळिशी लागली तुमाना,” त्याची बायको वेणू म्हणाली. “चष्मा घ्या गुमान.”

“चष्मा घेऊ नि नाका सोडू? खुली जालीस काय?”

नाक्याची गोष्ट अशी, की होळीच्या दुसऱ्या दिवशी गाव पारधीला निघे. पोरं ढोल-डबे बडवत रान उठवायची, आणि डुक्कर ज्या खिंडीतून निसटायचं तिथे तिरकमठे घेऊन गावचे वडीलधारे दबा धरायचे. तो नाका. ज्याचा बाण लागेल त्याच्या ओट्यावर डुकराची मुंडी वाजतगाजत यायची. कित्येक वर्षं ती भोईरांच्याच ओट्यावर येत होती, आणि तितकीच वर्षं समोरच्या ओट्यावर महिपती गायकर ढोलाचा आवाज ऐकून कानात बोटं घालत होता. त्याच महिपतीने यंदा चव्हाट्यावर ठराव मांडला, “ज्याला चाळिशी लागली त्याना नाका सोरायचा. आंधल्याचा बाण डुकराला नाय, सोयऱ्याला लागतो!” सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. हरिचंद्राने सगळ्यांत जोरात.

यंदा डुक्करही साधं नव्हतं. कानतुट्या म्हणत त्याला. एक कान अर्धा, अंगाने रिक्षाएवढा, आणि वळताना रिक्षापेक्षा बेफिकीर. एका रात्रीत त्याने हरिचंद्राचं वालाचं शेत खाल्लं आणि वर बुजगावण्याचा सदराही नेला.

हरिचंद्राने कमठा खाली काढला. आजवर बाणाचं टोक हीच त्याची नेम धरायची माशी. टोक डुकरावर आलं की सोडायचा. आता बघतो तर एका बाणाला दोन टोकं! त्याने डावं धरून सोडला, तो वेणूच्या मडक्यात. उजवं धरून सोडला, तो शेजारणीच्या मडक्यात. वेणूने कपाळावर हात मारला, शेजारणीने तोंड सोडलं.

नेमके त्याच दिवशी, रविवारी, अंबरनाथ पश्चिमेचे हेमचंद्र टिपणीस स्कूटरवरून वाल घ्यायला आले. कारखान्यात अधिकारी. स्क्रू दिसला की यांचे डोळे लकाकायचे. वाल नाहीत, सगळे डुकराच्या पोटात आहेत, हे ऐकून बिरड्याच्या दुःखाने ते ओट्यावर बसले. मग हरिचंद्राने कानाजवळ तोंड नेऊन सगळं सांगितलं तसे ताडकन उठले.

“अहो, अमेरिकेत धनुष्याला टाचण्या लावतात! मासिकात चित्र पाहिलंय मी. वरची टाचणी जवळच्या शिकारीला, मधली मधल्या, खालची लांबच्या. ज्या अंतरावर डुक्कर, ती टाचणी त्याच्यावर ठेवायची आणि सोडायचा!”

“साहेब, अमेरिकेत कानतुट्या हाय का?”

“नसेल. म्हणूनच ते मासिकं काढत बसतात!”

पुढच्या रविवारी टिपणीस पितळेची छोटी चौकट घेऊन आले. तिच्यात तीन टाचण्या, प्रत्येक स्क्रूने वरखाली होणारी. कमठ्याला चौकट आवळली, घरामागच्या आंब्याच्या बुंध्यावर गोवरी लटकवली. हरिचंद्राने दोरी ओढली, डोळा लावला आणि दोरी परत सोडून दिली.

“काय झालं?”

“टाचन्या कुठं हायत? मना तर उंबराचा घड दिसतं.”

आता चष्म्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण बदलापुरात घेतला तर चामटोलीला तो घरी पोचायच्या आधी कळणार. म्हणून हरिचंद्र डोक्याला टॉवेल गुंडाळून थेट उल्हासनगर कॅम्प चारला गेला. सिंधी शेठने तयार चाळिश्यांचं ताट पुढे सरकवलं. “साईं, नंबर-वंबर छोडो. पहन के देखो. जिसमें मेरी मूँछ का एक एक बाल गिन सको, वो तुम्हारा.” चौथ्या चाळिशीत शेठच्या मिशीतला पापडाचा तुकडासुद्धा दिसला. सौदा झाला.

पुढच्या रविवारी मागच्या अंगणात चाळिशी लावून त्याने कमठा उचलला आणि आनंदाने ओरडला, “साहेब, तिन्ही दिसल्या! तांदलाच्या दान्यासारख्या!”

“मग सोडा!”

सोडला. फुस्स करून लांब आवाज आला. चाळिशीतून टाचण्या आरशासारख्या लख्ख दिसत होत्या, पण आंबा, गोवरी आणि त्यामागची साहेबांची स्कूटर सगळं धुक्यात गेलं होतं. बाण स्टेपनीत रुतला होता.

दुसरा कुणी असता तर भांडला असता. टिपणीस टायरभोवती फेऱ्या घालत म्हणाले, “वा! म्हणजे टाचणी दिसते तर डुक्कर नाही, डुक्कर दिसतं तर टाचणी नाही. सुंदर प्रश्न आहे हो!” मग खिशातून काढलेली पंक्चरवाल्याच्या पत्त्याची चिठ्ठी वाचायला त्यांनी मूठ वळली, मुठीच्या बारीक भोकातून चिठ्ठीकडे पाहिलं आणि तसेच थिजले.

“भोईर! मी चष्मा विसरलो की कायम असंच वाचतो! बारीक भोकातून जवळचंही दिसतं नि लांबचंही!”

झालं. दोघांच्या अंगात आलं. स्कूटरच्या डिकीतला पितळेचा वायसर काढून कमठ्याच्या दोरीत डोळ्याच्या उंचीला बांधला. त्याच्या भोकातून बघितलं तर टाचण्यांच्या कडा सुधारल्या, गोवरीही जागेवर राहिली. पण भोक बारीक, त्यामुळे सावलीत तिन्ही टाचण्या काळ्याकुट्ट. मग वरची नि खालची काढून टाकली. खिंड अरुंद, डुक्कर येणार ते एकाच अंतरावर. एक टाचणी पुरे. तिच्या डोक्याला वेणूच्या पानाच्या डब्यातल्या चुन्याचा टपोरा गोळा लावला. थोडा फुगीर दिसला तरी पांढरा दिसला.

“आणि लक्षात ठेवा,” टिपणीस नाचत म्हणाले, “नजर डुकरावर. टाचणीकडे टक लावायची नाही. ती आपोआप मधे येते.”

“जावयासारखी,” वेणू म्हणाली.

पहिली गोवरी फुटली. दुसरी फुटली. संध्याकाळपर्यंत अंगणात गोवरीचा सडा पडला आणि हरिचंद्र पोरासारख्या उड्या मारू लागला. “आता चुलीत काय माजा हात घालू?” वेणू ओरडली, पण हसत. चाळिशी फक्त स्क्रू आवळायला लागायची. ती त्याने कनवटीला खोचली आणि वर उपरणं बांधलं.

धुळवडीच्या सकाळी नाक्यावर पाच म्हातारे बसले. खिंडीच्या या अंगाला हरिचंद्र, त्या अंगाला महिपती.

“काय रं, कमठ्याला घुंगरू बांदलंस?” महिपतीने वायसरकडे हात केला.

“तुजे डोल्यांना घुंगरू दिसतं ना? मग घुंगरू.”

डोंगरापलीकडे ढोल कडाडले. झुडपं हलली. आधी ससे गेले, मग मोर, मग जमीन थरथरली आणि करवंदीची जाळी फाडून कानतुट्या खिंडीत घुसला. हरिचंद्राने दोरी कानापर्यंत ओढली. वायसरच्या भोकात डुकराचा खांदा मावला. टाचणीकडे बघू नको, टाचणीकडे बघू नको... चुन्याचा गोळा तरंगत तरंगत आला आणि खांद्यावर बसला. सण्ण! समोरूनही सण्ण! कानतुट्या हवेत उडाला, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि पाचांच्या मधोमध आडवा झाला.

खांद्यात बाण एकच. दुसरा करवंदीत गडप.

“माजा!” महिपती.

“माजा!” हरिचंद्र.

बाणांवर बिब्ब्याच्या रेघा असत. भोईरांच्या दोन, गायकरांच्या तीन. बघितलं की मिटलं. महिपती वाकला. मग जरा मागे सरला. मग आणखी मागे. मान मागे टाकत टाकत तो ओहोळात बसला. “तीनच हायत,” तो तिथून म्हणाला. दुसऱ्या म्हाताऱ्याने हात लांब करून डोळे बारीक केले. “मना वाटतं चार.” तिसऱ्याला बाणच सापडेना. चौथा म्हणाला, “सकाली सकाली डोल्यात धूर गेलाय.” आणि ढोल जवळ येत होते. पोरं पोचली की रेघा मोजायच्या आधीच दोन्ही वाड्यांत जुंपणार.

हरिचंद्राच्या कनवटीला चाळिशी. काढली तर मुंडी मिळेल, पण नाका कायमचा जाईल. नाही काढली तर नाका राहील, पण मुंडी गायकराच्या ओट्यावर जाईल. आणि तो बाण! एवढा बाण आयुष्यात पुन्हा लागेल? लागला तो लागला, आणि कुणी बघितलाच नाही?

त्याने उपरणं सोडलं, चाळिशी काढली आणि सरळ नाकावर चढवली.

हरिचंद्र वाकला. “दोन रेघा. भोईराचा बाण.”

“चाळिशी!” महिपती ओहोळातून गरजला. “बगा रं, चाळिशी! नाका गेला तुजा! नि रेघा कशावरून दोन? खोटारड्या, आन इकडं!” त्याने झडप घालून चाळिशी ओढली, स्वतःच्या नाकावर आपटली, बाणावर वाकला आणि तोंड वासून तसाच राहिला.

“आयला!” तो ओरडला. “दोन! चक्क दोन रेघा, बिब्बा फुटलाय तोबी दिसतं! नि ये डुकराचे केस बग, येकेक येगला! अरं, माज्या अंगठ्यात काटा हाय! दिवालीपासून ठणकतं, नि हा बग, हा बसलाय!” त्याने नखांनी काटा उपटला आणि सगळ्यांना दाखवला. कुणालाच दिसला नाही. “मना दे,” दुसरा म्हातारा म्हणाला. “आदी मी,” तिसरा.

पोरं ढोल घेऊन खिंडीत धापा टाकत आली, तेव्हा कानतुट्या एकटाच पडला होता आणि गावचे पाच वडीलधारे एका चष्म्यासाठी एकमेकांची धोतरं ओढत होते. नाक्याच्या ठरावाबद्दल चकार शब्द कुणी काढला नाही.

“महिपती, रेघा तूच वाचल्यास. मुंडी माजी,” हरिचंद्र हात पुढे करून म्हणाला. “नि चाळिशीबी माजी. आन.”

महिपती आपल्या तळहाताच्या रेषा बघत होता. त्याने मानही वर केली नाही.

“मुंडी ने रं. चाळिशी उद्या देतो.”