बिनचूक बिल

टाचणीचं टोक तेवढं वर आलेलं, थोडं गंजलेलं… ही आपणच टोचली होती, नीलांबरीला आठवलं, गेल्या महिन्यात, त्रुटीच्या चिठ्ठीसकट. आणि तेच बिल आज तिसऱ्यांदा, सरकारी बिलांचे पैसे सुटतात त्या उपकोषागारात, तिच्या टेबलावर आलं होतं — गेल्या उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांना पुरवलेल्या पाण्याच्या टँकरचं. टँकरवाला कानिफनाथ समोर उभा होता.

सकाळीच वरून फोन आला होता. "लेखी मागू नका मॅडम. पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज, एवढीच बिलं सोडा. बाकीच्यांत त्रुटी काढा." साहेबांचा आवाज दमलेला होता, त्यांनाही कुणीतरी वरून सांगितलं असणार, त्या कुणालातरी आणखी वरून… आणि सगळ्यांच्या वर पेपरातला तो आकडा, सरकारच्या डोक्यावरच्या कर्जाचा, ज्याचं व्याज भागवायला पुन्हा कर्जच काढायचं. तिचे वडील, अप्पा, म्हणायचे, ऋण काढून सण करू नये. इथे सण कुठे होता, पिण्याचं पाणी होतं.

अप्पाही याच खात्यात कारकून होते. चूक शोधण्याची विद्या त्यांची. नीलांबरीने ती बावीस वर्षं इमानाने चालवली. या बिलात पहिल्या वेळी तिला टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदवहीत एक तारीख राहिलेली सापडली, दुसऱ्या वेळी एका प्रतीवर शिक्का नव्हता. दोन्ही कानिफनाथने दुरुस्त करून आणलं. आता काहीच सापडत नव्हतं, आणि बिल इतकं बिनचूक आणल्याबद्दल तिला त्याचाच राग येत होता — काय माणूस झाले मी, तिच्या मनात आलं, आणि तेही जांभई यावी तसं येऊन गेलं.

"पंचायत समितीतल्या भाऊसाहेबांकडून चारदा तपासून घेतलंय मॅडम," कानिफनाथ म्हणाला. "डिझेलवाला थांबंना, म्हनून घोडेगावच्या बाजारात म्हस इकली. आता तरी बरोबर हाय ना?"

बरोबर आहे, पैसे नाहीत. एवढंच तर म्हणायचं. जीभ उचलली असती तर झालं असतं… पण मग तो विचारणार, कधी येतील, आणि ते साहेबांनाही माहीत नव्हतं.

"एक त्रुटी राहिली आहे," ती म्हणाली.

तो चिडेल म्हणून तिने मान खाली घातली. तो चिडला नाही. त्याने खिशातून पेन काढलं, स्टूल पुढे ओढलं.

"माझीच चूक आसंल. सातवीपत्तुरच शिकलोय मी. तुमी बोट ठिवून दावा मॅडम, पुढल्या टायमाला न्हाई चुकायचो."

तिने नोंदवही उघडली आणि एका ओळीवर बोट टेकवलं, हाताला आली त्या. तो वाकून बघू लागला. असू दे, इथे एखादी तरी चूक असू दे — बावीस वर्षांत पहिल्यांदाच ती असं मनापासून मागत होती. बोटाखाली लिहिलेलं होतं, पाणी मिळाले, राहीबाई, आणि पुढे अंगठा. वरच्या ओळीत बायडाबाई. तारीख होती, वेळ होती.

"हितं व्हय?" त्याने हळूच विचारलं, मास्तरांना विचारावं तसं.

नीलांबरीला बोट उचलता येईना. या माणसाने एकदा तरी आपल्यावर ओरडावं, एवढंच तिला वाटत होतं, आणि तो पेन धरून थांबला होता.