दोनशे तीन मुलं

पुढच्या वर्षी आपल्या भागातून किती मुलं सुधारगृहात येतील, हे सांगणं ही माझी नोकरी आहे. कोण येतील ते नाही, किती येतील ते. बारा ते अठरा वयाची, पोलिसांनी पकडलेली आणि न्यायालयाने आत पाठवलेली. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग ज्योतिषाकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात. दादा तर पाहुण्यांसमोर मुद्दाम तळहात पुढे करून म्हणतो, "बघ गं, आमचा योग आहे का आत जायचा?"

खरं तर त्यात गूढ काही नाही. मागच्या वर्षांचे प्रवेश घ्यायचे, त्या वयाची मुलं एकूण किती, शाळा सोडलेली किती, चौक्यांवर नोंदवलेले गुन्हे किती हे घ्यायचं, आणि या सगळ्याचं एकमेकांशी काय नातं आहे ते शोधायचं. भौतिकशास्त्र शिकताना मी कणांचं असंच करायचे. एक कण कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण ढिगाने घेतले की चांगलं सांगता येतं. मुलांचंही तसंच असावं, असं मला पहिले काही महिने वाटत होतं.

आकडा सुधारगृहाचा आणि मुलांसाठीच्या उपक्रमांचा खर्च ठरवणाऱ्या समितीकडे जातो. त्यासाठी संगणकावर एक चौकट आहे. तीन अंक टाकायचे आणि 'सादर करा' दाबायचं. सुधारगृहाच्या आहे त्या खाटांवर वर्षाला एकशे नव्वद ते दोनशे वीस प्रवेश निभतात. आकडा त्याच्या वर गेला तर समिती नवा कक्ष बांधते, खाली गेला तर खर्च कापते, मध्ये राहिला तर सगळं आहे तसं चालू ठेवते.

माझं पहिल्या वर्षीचं उत्तर आलं एकशे अठ्ठेचाळीस. अलीकडेपर्यंत प्रवेश अडीचशेच्या आसपास असायचे, मुलं दाटीवाटीने राहायची. एवढी घसरण का, हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. ज्या वस्त्यांतली मुलं वहिनीच्या केंद्रात जात होती, तिथलेच प्रवेश घटले होते. बाकीच्या वस्त्यांत काही फरक नव्हता.

वहिनीचं केंद्र संध्याकाळी चालतं. पहिल्यांदाच पकडलेल्या मुलाला पोलीस न्यायालयात नेण्याऐवजी तिच्याकडे पाठवतात. मग तो काही महिने रोज येतो, अभ्यास करतो, दुरुस्तीची कामं शिकतो. ज्याची काच फोडली असेल त्याच्याकडे जाऊन खिडकी बसवून देतो. खटला होत नाही, म्हणून प्रवेशही होत नाही.

मी घरी येऊन पर्स खाली ठेवायच्या आतच ओरडले, "वहिनी, एकशे अठ्ठेचाळीस!"

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. "किलो?"

"मुलं गं! पुढच्या वर्षी फक्त एकशे अठ्ठेचाळीस. तुझ्या केंद्रामुळे. शंभराहून जास्त मुलं वाचली."

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिने हातातला शर्ट तसाच धरून ठेवला. "हे पाठवलंस का समितीला?"

"उद्या पाठवीन."

"म्हणजे उद्या मी घरी बसणार."

मला काही कळेना. ती मला घरात 'दशांशबाई' म्हणते, कारण मी म्हणे बसची वेळही दशांशात सांगते. आता तिने तेच नाव घेतलं, पण हसून नाही. "दशांशबाई, आकडा कमी झाला की खर्च कापतात ना? सुधारगृहातली माणसं कायम नोकरीतली आहेत. आम्ही कंत्राटी. मग आधी कोणाला कापतील?"

"पण घट तुमच्यामुळेच झालीय!"

"ते तुझ्या चौकटीत लिहिता येतं का?"

लिहिता येत नव्हतं. चौकटीत अंकच बसतात.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, सज्जन माणूस, फक्त प्रश्न मिटला की तो सुटला असं त्यांना वाटतं. केंद्र माझी वहिनी चालवते, हे मी त्यांना नोकरीला लागले तेव्हाच सांगितलं होतं.

"एकशे अठ्ठेचाळीस! छान," ते म्हणाले. "म्हणजे आता केंद्राची गरज उरली नाही."

"साहेब, केंद्र आहे म्हणून एकशे अठ्ठेचाळीस. बंद केलं तर दोनशे अठ्ठावन्न येतील. मी हिशेब केलाय. केंद्र सुरू होण्याआधीचा कल पुढे नेला आणि केंद्र नसलेल्या वस्त्यांशी ताडून बघितला."

"मग दोनशे अठ्ठावन्न लिहा ना. त्यात काय एवढं?"

"मग समिती काय करील?"

"नवा कक्ष बांधेल." साहेबांनी चष्मा लावून समितीचं परिपत्रक चाळलं. "पैसा येईल... विशेष उपक्रमांतून."

"विशेष उपक्रम म्हणजे केंद्र."

"म्हणजे केंद्र बंद."

"आणि केंद्र बंद, म्हणून दोनशे अठ्ठावन्न येतील."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "अहो मॅडम, मग तर तुमचा अंदाज तंतोतंत खरा ठरेल!"

ते बरोबर होतं. एकशे अठ्ठेचाळीस लिहिलं तर केंद्र बंद होणार, मुलं दोनशे अठ्ठावन्न येणार आणि मी खोटी ठरणार. दोनशे अठ्ठावन्न लिहिलं तरी केंद्र बंद होणार, मुलं तेवढीच येणार आणि मी खरी ठरणार. लिहिल्यावर खरा ठरेल असा एकच आकडा होता, आणि तो खरा ठरावा असं मला वाटत नव्हतं. माझ्या शिक्षणात कुठेही असं झालं नव्हतं. तापमान मोजल्यामुळे पाणी उकळायला लागलं, असं कधी बघितलं नव्हतं.

"इकडे आड, तिकडे विहीर," साहेब म्हणाले. "मग सुवर्णमध्य साधा. दोन्हींची सरासरी किती?"

"दोनशे तीन. पण साहेब—"

"एकशे नव्वद ते दोनशे वीसमध्ये बसतं. कक्ष नको, कपात नको, सगळं जैसे थे. केंद्रही जैसे थे. मिटलं!"

"पण दोनशे तीन मुलं कुठल्याच परिस्थितीत येणार नाहीत! एक तर दीडशे येतील, नाहीतर अडीचशे. लग्न झालं तर दोनशे माणसं जेवतील, मोडलं तर शून्य. म्हणून आपण शंभर ताटं मांडतो का?"

साहेबांनी खरंच विचार केला. "शंभर मांडली तर निम्मी तरी नासाडी वाचते," ते म्हणाले. "उद्यापर्यंत सांगा. सही तुमची आहे."

संध्याकाळी मी घरी न जाता केंद्रात गेले. ते एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. लाकडी जिना, वर एक लांब खोली, मधोमध जुनी टेबलं जोडून केलेलं एक मोठं टेबल. एका टोकाला चारपाच मुलं एक धुलाई यंत्र उघडून बसली होती आणि त्यांचे मास्तर "स्क्रू कुठे ठेवला ते आधी सांग, मग पुढचा काढ" असं पुन्हा पुन्हा बजावत होते. दुसऱ्या टोकाला अभ्यास चालला होता. अभ्यास म्हणजे निम्मा अभ्यास आणि निम्मी कुजबुज. वहिनी फोनवर कुणाच्या तरी आईला समजावत होती.

मी बाकावर बसून मुलं मोजायला लागले. माझ्या दोन आकड्यांमध्ये एकशे दहा मुलांचा फरक होता. ही जी समोर होती, ती त्या एकशे दहातली होती का? सगळी नक्कीच नाही. काही जण केंद्र नसतं तरी पुन्हा पोलिसांच्या हाती लागले नसते, काही जण केंद्र असूनही लागतील. मग त्या एकशे दहांपैकी इथे कोण होतं? मी एकेकाच्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

शेजारी पंधरासोळा वर्षांची एक मुलगी वहीत रेघा मारत बसली होती. "तुम्ही मॅडमच्या नणंद ना? आकडेवाल्या?"

"हो."

"काय असतं त्यात?"

"पुढच्या वर्षी सुधारगृहात किती मुलं जातील ते मी सांगते."

"कोण कोण?"

"कोण ते नाही. किती ते."

तिने मान तिरकी केली. "कोण ते माहीत नसताना किती ते कसं कळतं?"

मी कणांचं सांगायला लागले, पण तिने ते ऐकून घेतलं नाही.

"मी आहे का त्यात?" तिने विचारलं.

"तू असशीलच असं नाही. नसशीलच असंही नाही."

"म्हणजे माहीत नाही," ती म्हणाली आणि पलीकडच्या पोराला कोपर मारून खिदळली, "अरे, यांनाही माहीत नाही!"

वहिनीने फोन ठेवला आणि मला जिन्यावर नेलं. खालून यंत्रांची धडधड येत होती, म्हणून जरा मोठ्याने बोलावं लागत होतं.

"काय ठरवलंस?"

मी तिला तिन्ही आकडे सांगितले. दीडशेच्या आसपासचा केंद्र मारतो, अडीचशेच्या आसपासचा केंद्र मारतो, दोनशे तीन केंद्र वाचवतो, पण तो खोटा आहे.

"माझ्यासाठी खोटं लिहू नकोस," वहिनी म्हणाली. "उद्या कुणी म्हणेल, नणंदेने भावजयीची नोकरी वाचवली."

"मग खरा लिहू?"

"आणि केंद्र बंद पाडू नकोस."

"वहिनी, दोन्ही कसं करू?"

"एवढं शिकलीस, ते तू बघ." मग तिचा आवाज खाली आला. "खरा कुठला गं पण यातला? तू तर दोन खरे सांगतेयस."

"केंद्र राहिलं तर एक खरा, नाही राहिलं तर दुसरा."

"आणि राहणार का, हे तुझ्या आकड्यावर."

"हो."

"बाई गं," वहिनी म्हणाली, "हे म्हणजे पोराला विचारायचं, तू पास होणार का, आणि तो हो म्हणाला की परीक्षाच घ्यायची नाही." ती आत गेली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला होता.

सकाळी मी कार्यालयात लवकर पोचले. चौकटीत आधी '१४८ / २५८' टाकून बघितलं. संगणकाने तिरकी रेघ घेतली नाही. मग समितीला वेगळं पत्र लिहिलं, दोन्ही आकडे आणि त्यामागची कारणं दिली, वहिनीचं नातंही लिहिलं. साहेबांनी पत्र वाचलं, "उत्तम" म्हणाले आणि ते आकड्यासोबत जोडून पाठवायचं कबूल केलं. "पण चौकट भरावीच लागेल."

मी २०३ टाकलं. असं घडणार नाही हे माहीत असूनही. माझा अंदाज नव्हता तो, ते मला हवं असलेलं काहीतरी होतं, आणि त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. समितीने 'आहे तसं' असा शेरा दिला. माझं पत्र कुणी वाचलं की नाही, ते कळलं नाही. त्या रात्री दादाने घरी आईस्क्रीम आणलं. वहिनीने दोनदा घेतलं, पण मला शाबास काही म्हणाली नाही.

वर्ष संपलं. प्रवेश झाले एकशे एक्कावन्न.

साहेब समितीच्या बैठकीहून परत आले ते थेट माझ्या टेबलाशी. "मॅडम, तुमचा अंदाज बावन्नने चुकला."

"माहीत आहे. पत्रात लिहिलं होतं."

"पत्राचं सोडा. समितीचं म्हणणं, तुम्ही आकडा फुगवता. म्हणून त्यांनी दुरुस्ती सुचवलीय. यंदा तुम्ही जो आकडा द्याल, त्यातून बावन्न वजा करायचे."

मी कागद ओढून घेतला. यंदा केंद्र राहिलं तर येणारे एकशे पन्नास. वजा जाता अठ्ठ्याण्णव, केंद्र बंद. सरासरी दोनशे पाच. वजा जाता एकशे त्रेपन्न, केंद्र बंद. केंद्र नसलं तर येणारे दोनशे साठ. वजा जाता दोनशे आठ. जैसे थे.

"दोनशे साठ लिहायला लागेल," मी म्हणाले.

"हा मधला आहे का?"

"नाही. हा खरा आहे. केंद्र नसेल तर."

"पण केंद्र आहे."

"हा लिहिला तर राहील."

"मग राहिल्यावर हा खरा कसा?" साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "थांबा, मला वाटतं माझ्याकडून काहीतरी निसटतंय."

"माझ्याकडूनही," मी म्हणाले आणि समितीला पुन्हा पत्र लिहायला घेतलं, गेल्या वर्षीपेक्षा मोठं. दुरुस्ती का चुकीची आहे ते लिहिलं. लिहिताना लक्षात आलं, की पत्र त्यांना पटलं आणि त्यांनी बावन्न वजा केले नाहीत, तर माझे दोनशे साठ तसेच राहतील, नवा कक्ष होईल आणि केंद्र जाईल. पत्र नाही पाठवलं, तर केंद्र राहील. मी खूप वेळ ते पडद्यावर तसंच ठेवलं. साहेब दारात उभे राहून माझी वाट बघत होते.

पत्र मी पाठवलं नाही. चौकटीत २६० टाकून बटण दाबलं.

संध्याकाळी छापखान्याचा जिना चढून वर गेले. वहिनी दारातच भेटली, हातात कुणाची तरी चप्पल होती, मालक शोधत होती.

"पाठवलास आकडा?"

"पाठवला."

"राहील का केंद्र?"

"राहील बहुतेक."

"बहुतेक म्हणजे किती?" तिने विचारलं.

मी विचार केला. असा आकडा माझ्याकडे नव्हता, आणि तो कसा काढायचा, तेही मला समजत नव्हतं.